शेकरूचा पायजमा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेलर आहेत. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. गेल्या जुलैतल्या एका दुपारी, बाहेर कोल्हापुरी पाऊस धो धो कोसळत असताना, मी त्यांच्या दुकानात शिरलो, छत्री दाराशी टेकवली आणि विचारलं, "मास्तर, शेपूट असलेल्याचा पायजमा कसा बेततात?"

मास्तरांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग गिऱ्हाइकाची अडचण चारचौघांत फुटू नये अशा बेतानं, अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, घरात कुणाला काय झालंय काय?"

झालं होतं ते मलाच. पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून मुलांसाठी बारा पानांची रंगीत चित्रकथा मागितली होती. प्राण्यांची अद्‌भुतकथा हवी, पण आपल्या मातीतली हवी, ही त्यांची अट. मी शाळेत चित्रकला शिकवतो. मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवतो, बादली, तांब्या आणि दोन वांगी मांडून वस्तुचित्र काढून घेतो. बादली-तांब्याची छायाप्रकाशासकट सोळा वर्षांची सवय असलेल्या माणसाला बारा पानं म्हणजे काय मोठंसं! "पंधरा दिवसांत देतो," असं मी बोलून बसलो. बाईंनी हे वाक्य पुढं मला चार वेळा ऐकवलं, त्यातलं शेवटचं गणपतीत.

गोष्ट मी लगेच जुळवली. जंगल राधानगरीचं. नायक शेकरू, कारण ती खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि दिसायलाही देखणी: पाठ तांबूस-विटकरी, पोट पिवळट, शेपूट अंगापेक्षा लांब आणि झुबकेदार. खलनायक गवा, कारण तिथं 1958 साली दाजीपूरला अभयारण्य झालं ते गव्यांसाठीच, आणि आमच्याकडं लहान पोरालाही गवा माहीत असतो. गव्यांच्या सेनापतीला शेकरूंचं जुनं उंबराचं झाड पाडायचंय, शेकरूंचा युवराज तलवार उपसून ते वाचवतो. संपादकबाई खूश झाल्या. "युवराज मावळ्यासारखा दिसू दे," एवढंच म्हणाल्या. या एका वाक्यानं माझे पुढचे तीन महिने खाल्ले.

पण मावळ्याच्या आधी दुसरंच संकट उभं राहिलं.

चित्रकथेत आधी प्रत्येक पानाचं काडेपेटीएवढं कच्चं टिपण करतात. कुठली चौकट केवढी, कोण कुठं उभा, संवादाचा फुगा कुठं. मी ही टिपणं सहामाहीच्या उरलेल्या कोऱ्या उत्तरपत्रिकांवर करत होतो. पहिल्या पानावर युवराज आणि सेनापती समोरासमोर. शेकरूचं वजन दोन किलोच्या आसपास. गव्याचा नर एक टनापर्यंत भरतो. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात गवा ठेवला तर दुसऱ्यात पाचशे युवराज. दोघांना एका चौकटीत बसवायचं म्हटल्यावर मी गवा काढला, त्याच्या नाकासमोर युवराज काढला, आणि युवराजाच्या हातात तलवार दिली. ती तलवार टाचणीएवढी आली. पान मोबाइलवर बाईंना पाठवलं.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "नायक कुठाय?"

"तो काय, गव्याच्या डाव्या शिंगाखाली."

"अस्सं. मला वाटलं शाईचा डाग पडलाय."

या धंद्यातली मोठी माणसं हा पेच कसा सोडवतात ते बघावं म्हणून मी पुस्तकं उघडली. वास्तविक ती आधी उघडायची असतात. अमेरिकेतल्या डेव्हिड पीटरसनच्या 'माउस गार्ड'मध्ये उंदीर उंदराएवढेच राहतात. त्यांच्यासमोर साप आणि खेकडे येतात ते राक्षसासारखे. उलट स्पेनच्या ग्वार्निदोनं रंगवलेल्या 'ब्लॅकसॅड'मध्ये बोका, कुत्रा, अस्वल सगळे कोट घालून माणसाच्या मापानं एकाच रस्त्यावरून हिंडतात, आणि वाचताना कुणाला काही खटकत नाही. दोन्ही मार्ग चांगले आहेत. मी तिसरा काढला. शेकरू झाडावर राहतो, तर युवराजाला कायम फांदीवर बसवायचं, वाचकाच्या जवळ, मोठा. गवा खाली, लांब, छोटा. मापाचा प्रश्नच मिटला.

नवा प्रश्न पानं तीन-चार झाल्यावर ध्यानात आला. आपण वरून खाली वाचतो. वरचा फुगा आधी वाचला जातो. युवराज कायम वर, म्हणून प्रत्येक चौकटीत आधी तोच बोलणार. सेनापतीला संभाषण सुरू करायची सोयच उरली नाही. जंगलावर चालून आलेला हा क्रूरकर्मा बारा पानं नुसती उत्तरं देत राहिला.

आता मावळा. युवराजाला बंडी घातली, मुंडासं बांधलं, ते छान दिसलं. मग पायजमा घातला. समोरून सगळं ठीक. तिसऱ्या पानावर युवराज पाठमोरा उडी मारतो. तिथं पेन्सिल थांबली ती थांबलीच. शेपूट येते कुठनं? नाडीच्या वरनं काढली तर पाठीतनं फुटल्यासारखी दिसते. खालनं काढली तर पायजमा उतरल्यासारखा दिसतो. पायजम्याला भोक ठेवलं तर एवढा मोठा झुबका त्या भोकातनं रोज सकाळी ओवायचा कुणी?

डोनाल्ड डक 1934 साली पडद्यावर आला तेव्हापासून खलाशाचा सदरा घालतो, टोपी घालतो आणि पँट घालत नाही. बिआट्रिक्स पॉटरच्या 1902 च्या पुस्तकातल्या पीटर सशाला पितळी बटणांचं निळं जाकीट आहे, खाली काही नाही. याला मी आजवर गंमत समजत होतो. ती गंमत नाही. तो शहाणपणा आहे. त्या लोकांनी शेपटीशी वाकडं घेतलं नाही. पण मावळ्याला नुसत्या बंडीवर सोडायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि बाईंमध्ये तर नव्हतंच.

मग म्हटलं, आपल्याकडं शेपूट आणि वस्त्र दोन्ही असलेला एक आदर्श आहेच. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगाव आमच्याच जिल्ह्यात. रविवारी स्कूटर काढली, भिजत गेलो. दर्शन झालं. शेपूट दिसली, पण जिथं ती सुरू होते ती जागा दिसायची कशी? देवळात मारुती समोरून बघायचा असतो. मी जरा बाजूनं वाकून बघायला लागलो तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "लेकरा, प्रदक्षिणा बाहेरनं घाल." मी बाहेरनं घातली. आणि सोमवारी मास्तरांकडं गेलो.

घरात सगळे धडधाकट आहेत, हे चित्रातल्या खारीसाठी आहे, असं सांगितल्यावर मास्तरांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली आणि तिथं धंद्याचं गांभीर्य आलं. हा माणूस हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं टेप गळ्यात टाकला, पेन्सिल कानावरनं काढली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"शेपूट बुडाशी केवढी जाड?"

"मनगटाएवढी धरा."

"वर जाती का खाली पडती?"

"वर. पाठीला लागून वर, मग शेंड्याला बाहेर वळते."

"हलती?"

"हलणारच. खार आहे."

"मग भोक चालायचं न्हाई," मास्तर म्हणाले. "हलत्या वस्तूला भोक पाडलं की शिवण उसवत जाती. हे बगा." त्यांनी जुना पेपर ओढला, अग्रलेखाच्या बाजूनं घडी घातली आणि कात्रीनं पायजमा कापला. मागच्या आसनाची शिवण वरनं तीन बोटं उघडी ठेवायची. जिथं उघडी शिवण संपते तिथं घट्ट टाका मारायचा. वर नेफा मागच्या बाजूला तोडायचा आणि त्या दोन टोकांना काज-बटण करायचं. "आदी शेपूट बसवायची, मग बटण लावायचं, मग नाडी आवळायची. ओवायचं कामच न्हाई. लहान लेकराचं दुपटं गुंडाळतोय तसं."

मी थक्क झालो. तीन आठवडे मी जे डोक्यानं सोडवू शकलो नव्हतो ते या माणसानं अर्ध्या पेपरात सोडवलं होतं. मी आनंदात वहीतली बाकीची चित्रंही त्यांच्यापुढं ठेवली. ती ठेवायला नको होती. मास्तर सेनापतीच्या चित्रावर थांबले. बोट गव्याच्या मागच्या पायावर ठेवून म्हणाले, "ह्याचं काय शिवायचं न्हाई न्हवं?"

"नाही. का?"

"न्हाई, गुडगा कुठं धरायचा ते कळंना."

गव्याचा मागचा पाय मध्येच मागं वळतो ना, तोच गुडघा, मी म्हणालो. जनावरांचे मागचे गुडघे उलटे असतात. मास्तरांनी टेप लावला. "मांडी एवढी लांबडी? आन पोटरी वीतभर? त्येच्याखाली आनि एक नळी. ही कशाची?"

मला सांगता येईना. घरी येऊन शरीररचनेचं पुस्तक काढलं. ते मागं वळलेलं हाड म्हणजे गुडघा नव्हेच. ती टाच. गाय, घोडा, गवा हे बोटांच्या शेंड्यांवर, म्हणजे खुरांवर उभे राहतात. टाच वर हवेत असते आणि खरा गुडघा त्याहून वर, पोटाजवळ, पुढंच वळतो. आपल्यासारखाच. हे मी सोळा वर्षं मुलांना उलटं शिकवत होतो. त्या सोळा वर्षांतली पोरं आज कुठं कुठं इंजिनिअर आहेत, एक तर जनावरांचा डॉक्टर आहे. त्यानं वर्गातलं लक्षात ठेवलेलं नसेल अशी आशा आहे.

आकृती पाठमोरी उडी मारते तेव्हा खांदे कुठं, कंबर कुठं, हे नुसत्या कल्पनेनं येत नाही. चांगले चित्रकार स्वतः पवित्रा घेऊन फोटो काढतात, असं वाचलं होतं. घरात मी एकटा होतो. मोबाइल कपाटाला टेकवून दहा सेकंदांचा टायमर लावला, मुलीची प्लॅस्टिकची तलवार घेतली, आणि शेपटीला जवळात जवळची वस्तू म्हणून फुलझाडू नाडीनं कमरेला मागं बांधला. स्टुलावर चढलो. तीन वेळा उडी मारली. चौथ्या उडीला दार वाजलं. सिलिंडरवाला होता. हे पावसाळी दिवस, सिलिंडर एकदा परत गेला की आठवडा जातो, म्हणून मी तसाच दार उघडायला गेलो. त्यानं तलवारीकडं बघितलं, मग माझ्या खांद्यामागून डोकावणाऱ्या झाडूकडं बघितलं, पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ओटीपी सांगा."

त्या दिवसापासून तो सिलिंडर दारातच ठेवून जातो. आत आणून देत नाही.

पेन्सिल झाली की शाई. मी जी-निब आणि वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घेऊन बसलो. जुलैत कोल्हापुरात भिंतीसुद्धा घामेजतात. कार्ट्रिज पेपरनं एवढी ओल खाल्ली होती की रेघ ओढली की ती दोन्ही बाजूंनी मुळ्या फोडायची. मग कागद इस्त्री करून घेतले. गरम कागदावर शाई बरी बसते, पण वाळायला वेळ घेतेच, आणि माझं मनगट वाट बघत नाही. पाचव्या पानावर सेनापतीच्या पाठीवरून जाणारी काळ्या धुक्याची जी लाट आहे, ती वातावरणनिर्मिती म्हणून काही जणांना आवडली. ते माझं मनगट आहे.

केसाळ प्राणी रेखाटायचा एक साधा नियम आहे. केस सगळीकडं काढायचे नाहीत. कडेला, सांध्याजवळ, जिथं अंग वळतं, जिथं उजेड संपून सावली सुरू होते, तिथं चार-पाच झुबके दाखवायचे; बाकीचे केस वाचक स्वतःच्या मनानं लावतो. हा नियम मला ठाऊक होता. पण ती शेपूट! एवढा खटाटोप जिच्यासाठी केला, तिला मी चार झुबक्यांवर कशी सोडू? मी तिसऱ्या पानावरची शेपूट केसाकेसानं काढली. दोन संध्याकाळी लागल्या. सोळा इंची कागदावर ती खरोखर सुरेख दिसत होती, हे मी आजही म्हणतो. अंकात पान निम्म्यानं लहान झालं, शेपूट जेमतेम दोन इंच उरली, आणि त्या सगळ्या रेघा एकमेकींत शिरल्या. बायकोनं विचारलं, "हा बाटली धुवायचा ब्रश याच्या हातात का दिलाय?"

रंग संगणकावर भरले. तिथं पहिलं काम म्हणजे सपाट रंग, ज्याला सगळे फ्लॅट्स म्हणतात. सावली नाही, चमक नाही. अंग एक रंग, बंडी एक रंग, पान एक रंग, एवढंच. पुढं सावली टाकताना नुसती बंडी किंवा नुसतं अंग निवडता यावं म्हणून हे करायचं. कंटाळवाणं काम. रंगाची बादली घ्यायची, बंद आकारात ओतायची, पुढं जायचं. मी विटकरी रंग घेतला आणि युवराजाच्या कानात ओतला. कानाच्या टोकाशी रेघेत केसाएवढी फट होती. रंग त्या फटीतनं बाहेर पडला आणि आकाश, उंबर, ओढा, सेनापती, त्याची फौज, सगळ्यांवरनं वाहत पानाच्या कडेला जाऊन थांबला. अख्खं राधानगरी शेकरू झालं.

फट शोधायला चाळीस मिनिटं लागली. सापडली तेव्हा कळलं की दुसऱ्या कानालाही आहे.

सातव्या पानाची कथा थोडक्यात सांगतो, कारण अजून त्रास होतो. संगणकात पेन्सिल एका थरावर ठेवायची, शाईच्या दुरुस्त्या दुसऱ्या थरावर करायच्या, म्हणजे शेवटी पेन्सिलचा थर उडवला की स्वच्छ शाई उरते. मी सगळ्या दुरुस्त्या पेन्सिलच्याच थरावर केल्या. मग पेन्सिलचा थर उडवला. मग फाइल सेव्ह केली. मग फाइल बंद केली. हे चारही मी एका दमात, आणि त्या शिस्तीवर खूश होऊन केलं.

सावल्यांचंही तसंच. मी प्रत्येक चौकट वेगळ्या दिवशी रंगवत होतो आणि त्या त्या दिवशी जिकडनं बरं वाटेल तिकडनं ऊन आणत होतो. माझी मुलगी चौथीत आहे. तिनं पाचवं पान बघून विचारलं, "बाबा, या जंगलात सूर्य किती आहेत?" मी गप्प. उत्तेजन मिळाल्यासारखी ती पुढच्या पानावर गेली. तिथं गव्यांचा हेर बिबट्या होता. मी त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या उभ्या चिरेसारख्या काढल्या होत्या, कारण मांजराच्या तशा असतात. ती म्हणाली, "बिबट्याच्या गोल असतात." असतातच. वाघ, सिंह, बिबट्या, सगळ्या मोठ्या मांजरांच्या गोल. तुला हे कुणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणाली, "कुणी नाही. फोटोत दिसतात की."

माझा एक जुना विद्यार्थी वनखात्यात आहे. त्याला पानं दाखवली ती कौतुक ऐकायच्या इच्छेनं. त्यानं शेवटची लढाई पाहिली, रात्रीची, चांदण्यातली, माझ्या मते अंकातली सर्वांत सुंदर दोन पानं. "सर, भारी," तो म्हणाला. "फक्त शेकरू रात्री नसतं हो बाहेर. दिवसाचा प्राणी आहे तो. सांजेला घरट्यात जाऊन झोपतो." दोन पानं पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. मी युवराजाच्या फुग्यात एक वाक्य वाढवलं: 'गड्यांनो, आज जागरण!' तरी नीट बघितलंत तर त्याच्यामागचा एक सैनिक जांभई देतोय. तेवढाच वास्तववाद.

आणि मग सेनापतीचे मोजे. गव्याच्या चारही पायांना गुडघ्यापर्यंत, म्हणजे मी आधी ज्याला गुडघा समजत होतो तिथपर्यंत, पांढरा रंग असतो. काळ्याभोर अंगाखाली तो मोजे चढवल्यासारखा उठून दिसतो. मी तो मोठ्या निगुतीनं रंगवला. बाईंचा फोन आला. "अहो, याला मोजे घातलेत तर बूट का नाही घातले?" मी खुलासा केला. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "ते तुम्हाला माहीत, मला माहीत. मुलांना कसं कळणार?" मुलांचं काय घेऊन बसलात, मुलांनीच माझी अब्रू घेतलीय, असं म्हणणार होतो. म्हणालो नाही. मानधन अजून यायचं होतं.

या सगळ्या धांदलीत एकच गोष्ट मी अगदी शास्त्रशुद्ध केली, तेवढी अभिमानानं सांगतो. जुने चित्रकार चित्र आरशात धरून बघायचे. उलटं झालं की सरावलेल्या डोळ्याला न दिसणारा वाकडेपणा चटकन दिसतो. संगणकावर त्याला एक कळ पुरते. चित्र डावीकडचं उजवीकडं होतं. मी प्रत्येक पान रंगवताना दर अर्ध्या तासानं उलटवून बघत होतो. न चुकता.

पानं एकदाची पुण्याला गेली. चौथ्या दिवशी छापखान्यातल्या ऑपरेटरचा फोन. आवाज कोवळा, बोलणं फार अदबीचं.

"सर, रात्रीची दोन पानं आहेत ना, ती जांभळी ठेवायचीत का?"

"निळी आहेत ती."

"स्क्रीनवर निळी असतील, सर. छापल्यावर वांगी होतील."

पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. पडद्यावरचं झगझगीत निळं चार शाईंच्या छपाईत जसंच्या तसं येत नाही. निळसर सायनमध्ये गुलाबी मॅजेंटा तेवढाच मिसळला गेला की ते जांभळ्याकडं झुकतं. मॅजेंटा बराच खाली ओढला की निळं निळं राहतं. एवढं त्यानं मला समजावून सांगितलं, मी वर्गात ढ पोराला समजावतो त्याच आवाजात. मग म्हणाला, "आणि सर, तो काळा."

काळा मला गडद हवा होता. रात्र आहे, गवा काळा आहे, म्हणून मी चारही शाया शंभर-शंभर टक्के भरल्या होत्या.

"चारशे होतात, सर. आमच्याकडं तीनशेच्या वर घेत नाही. कागद ओला राहतो. आठवं आणि नववं पान एकमेकांना चिकटेल."

म्हणजे शेवटची लढाई वाचकांनी वाचली नसती, सोलली असती. त्या मुलानं रात्री बसून दोन्ही पानांचा काळा उतरवला, निळं सावरलं. त्याचं नाव अंकात कुठं नाही. माझं तीन ठिकाणी आहे.

राहिली अक्षरं. फुग्यांतला मजकूर मी संगणकावर टाइप केला तेव्हा जोडाक्षरांनी फारकत घेतली आणि ऱ्हस्व वेलांट्या उठून भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठी एक वेगळी खूण करायची असते. ती केली की सगळं नीट होतं. हे मला अक्षरं हातानं लिहून झाल्यावर कळलं. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा लागते, खाली उकार लागतो, म्हणून ओळींत जागा सोडावी लागते. ती मी सोडली नाही. नवव्या पानावर युवराजाच्या 'तू'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'मी'च्या वेलांटीत अडकला आहे. शत्रूशी इतकी जवळीक त्या प्रसंगाला शोभत नाही.

अंक निघाला. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी एक प्रत घेऊन मास्तरांकडं गेलो. दिवाळीची गर्दी, दुकानात कपड्यांचे ढीग, दोन पोरं काज करत बसलेली. तरी मास्तरांनी मशीन थांबवलं. हात पुसले. अंक घेऊन ट्यूबखाली उभे राहिले आणि बारा पानं एकेक करून बघितली, मला वाटतं इतर कुणीही बघितली नसतील अशी. तिसऱ्या पानावर पाठमोरी उडी आली तेव्हा मी जरा पुढं झालो. नेफ्याचं ते काज-बटण मी मुद्दाम, बारकाईनं काढलं होतं. शेपटीच्या त्या काळ्या बोळ्यानं ते पूर्ण झाकून टाकलं होतं. बाराच्या बारा पानांत ते कुठंही दिसत नाही.

मास्तर काही बोलले नाहीत. चौथ्या पानावर आले आणि तिथं थांबले. चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं, मग काज करणाऱ्या पोरांपैकी थोरल्याला बोलावून त्यालाही दाखवलं. तो खुदकन हसला.

"काय झालं, मास्तर?"

"चित्र झ्याक हाय," ते म्हणाले. "पर गड्याच्या बंडीला काज डाव्या अंगाला आस्तंय, बटण उजव्या. बाकी सगळ्या पानांवर बरोबर हाय. हितं उलटं."

मी बघितलं. चौथ्या पानावर तलवारही डाव्या हातात होती, मुंडाशाचा शेमलाही दुसऱ्या बाजूला. उलटवून बघितलेलं पान मी परत सुलटवलंच नव्हतं. मी, मुलगी, बायको, संपादकबाई, वनखातं, छापखाना, कुणालाही ते दिसलं नव्हतं.

मास्तरांनी अंक मिटला, दोन्ही हातांनी मला परत दिला आणि मशीनवर बसता बसता म्हणाले, "हितं ह्यानं बायकोची बंडी घातलीया, सर."